घाशीराम कोतवालाचा अंत

पुण्याच्या कोतवालीवर इ. स. १७७७ पासून असलेला घाशीराम सावळादास ऑगस्ट १७९१ मध्यें जमावाच्या दगडांखालीं मेला. त्यानें पकडून कोंडलेले तेलंगी ब्राह्मण अपुऱ्या जागेंत गुदमरून मेले, हें तात्कालिक कारण होय. परंतु तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. पकडणें, कोंडणें व दंड करणें हीं तिन्ही कामें एकाच कोतवालचावडीवर होत. दंडाच्या उत्पन्नावर सरकारचीही नजर असे. त्यामुळें पीडितांस दाद मागावयास जागा उरली नव्हती, असें आम्हांस वाटतें. नाना फडणिसांनीं अखेर त्याला क्षुब्ध ब्राह्मणांच्या हवालीं केलें. शिक्षा सरकारनें करावयाची, ती जमावाकडे गेली. ज्या अधिकाऱ्यास सरकारनें वेळीं आवरलें नाहीं, त्यास पुढें वांचवितांही आलें नाहीं.