तेलातला गंधक आणि वर्ध्याची हवा

कोणते तेल जाळावे, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे ठाणे पडले. जे. सी. कुमारप्पांच्या त्या संघात रॉकेलऐवजी बियांच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. खेड्याचा पैसा खेड्यात राहावा हा तेथला विचार. धुराची चिकित्सा तेव्हा कोणी फारशी करीत नव्हते. गंमत अशी की, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनही भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते! पुढे खनिज तेलाने बाजी मारली आणि त्याबरोबर गंधक आला.

धूर काळा होतो तो गंधकामुळे, असा समज आढळतो. तो खरा नव्हे. काजळी अर्धवट जळलेल्या कार्बनाची; तिच्या कणांना बेन्झोपायरीनसारखी घातक द्रव्ये चिकटतात आणि ती फुप्फुसात खोल उतरते. गंधकाचे अपराध निराळे. त्यापासून सल्फेटचे सूक्ष्म कण होतात, हा एक. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला तो निकामी करतो, हा दुसरा. आणि आम्हांस हाच मोठा वाटतो. कारण तेलात गंधक भरपूर असेल तोवर गाडीला काजळीची गाळणी नीट चालवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ साली हा धूर ‘बहुधा’ कर्करोगकारक ठरविला. २०१२ साली तो ‘बहुधा’ गळाला.

आपल्याकडे काय घडले? २००० साली देशभर गंधकाची मर्यादा पाव टक्क्यावर आली. २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांना दशलक्ष भागांत ५० भाग गंधकाचे डिझेल मिळाले. इतरांसाठी मर्यादा ३५०. त्या तेरांत वर्धा नव्हते. मुंबईकराच्या आणि वर्धेकराच्या फुप्फुसांत सात पटींचा भेद कोणत्या शास्त्राने केला, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. १ एप्रिल २०१७ पासून ५० ची मर्यादा सर्वत्र लागू झाली, १ एप्रिल २०२० पासून दहाची.

तेल आता सर्वांना सारखे आहे, इंजिने मात्र नाहीत. जुन्या ट्रकांना आणि शेतातल्या जुन्या पंपांना गाळणी नसते. नव्या तेलाने त्यांचे सल्फेट घटले, काजळी बरीचशी तशीच राहिली. कापसाच्या हंगामात हिंगणघाटला असा एखादा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असला, तर मागे गाठी चढविणाऱ्या हमालाच्या छातीत आजही तीच उतरते.