तळटीप ३ : ‘सीटी २८ आला’
लेखकाने इथे नुसता सीटीचा आकडा दिला आहे. तेवढ्यावर विसंबू नये. सीटी म्हणजे पीसीआर या डीएनए वाढवणाऱ्या चाचणीत नळीतली चमक ठरलेली रेषा ओलांडते ते आवर्तन. दर आवर्तनाला डीएनए दुप्पट होतो असे धरले, तरच ३.३ आवर्तनांचा फरक जवळपास दहापट ठरतो; कार्यक्षमता ९० टक्के असेल तर तो आठपटीच्या आसपासच भरतो.

याहून घातक गोष्ट म्हणजे गाळलेली नियंत्रण-नळी. एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा दावा २००७ साली अमेरिकेच्या लस-न्यायालयात सुनावणीला आला. दाव्याचा आधार असलेल्या डब्लिनच्या प्रयोगशाळेतील नोंदी पीसीआर-तज्ज्ञ स्टीफन बस्टिन यांनी आधीच तपासल्या होत्या; तेव्हा त्यांनी त्याविषयी साक्ष दिली. आरएनएचा डीएनए करण्याची पायरी वगळूनही गोवराचा ‘संकेत’ येतच होता! हा विषाणू निव्वळ आरएनएचा. त्या पायरीविना पीसीआरला काहीच सापडायला नको. म्हणजे सापडला तो बाहेरून मिसळलेला डीएनए. त्या पायरीच्या एन्झाइमविना एक नियंत्रण-नळी का लावायची, याचा याहून बोलका दाखला माझ्या पाहण्यात नाही.

अशा पीसीआर प्रयोगांसाठी बस्टिन व सहकाऱ्यांनी दिलेली ‘एमआयक्यूई’ मार्गदर्शक तत्त्वे २००९ची. एकाच, न पारखलेल्या संदर्भ-जनुकावर भिस्त ठेवू नये, हेही त्यांत आहे. लेखकाच्या पुढच्या पानावरच्या तक्त्यात मात्र संदर्भ-जनुक म्हणून एकटे जीएपीडीएच आहे. — सं.