जात्यापाशी बसून ऐकलेला इतिहास

मी नाशिकच्या इंदिरानगरमधून बोलतेय, बचत गटाचं काम पाहते. बी.ए.ला माझा विषय इतिहास. राजे, लढाया, तह सगळं पाठ केलं. पण घरातल्या जात्याचा इतिहास कधी विचारला नाही. आजेसासूबाई गेल्या. जातं राहिलं, त्याची अक्कल त्यांच्याबरोबर गेली.

मागच्या बैठकीत तेच जातं गटातल्या एका आजींपुढे ठेवलं. आधी म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? दळायचो!" पण खुंट्याला हात लागला आणि बोलू लागल्या. पीठ जाड पडू लागलं की जात्याला टाकी लावून घ्यायची. मग पहिलं दळण कोंड्याचं, म्हणजे दगडाची कच निघून जाते. डाळ भरडायची तर मधल्या खिळीला चिंधी गुंडाळायची. वरची तळी जरा उचलली जाते, दाण्याचं पीठ न होता दोन फाका होतात. बायांनो, हे तंत्रज्ञानच आहे. फक्त कुणी लिहून ठेवलं नाही.

आफ्रिकेतल्या टांझानियात हाया लोकांनी लोखंड गाळणं कधीच सोडलं होतं. १९७० च्या दशकात पीटर श्मिट या अभ्यासकाने तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांना विचारलं. त्यांनी आठवून आठवून भट्टी बांधली आणि लोखंड गाळून दाखवलं. त्याच भागात खणताना दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्या सापडल्या होत्या. त्या कशा चालत असतील, हे या आठवणींमुळे उमगलं.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गाणं जपलं गेलं, तसं हातातलं कसबही जपायला हवं.

म्हणून एवढं करा. वस्तू समोर ठेवून विचारा. करून दाखवायला सांगा. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज भरा. नाव, गाव लिहा. साल आठवत नसेल तर विचारा, "७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? गावात गिरणी आली तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" एकीची आठवण दुसरीकडून पडताळून घ्या. दोघींचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा.

मला उशीर झाला. तुमच्या घरात आजी असेल, तर आज संध्याकाळीच तिच्यापाशी बसा.