बलिद्वीपाचीं तीन अंगणें

पाहुणा दारीं आला म्हणजे त्यास ओसरीवर बसवावें, परिचय वाढल्यावर माजघरांत न्यावें, देवघराच्या उंबरठ्याशीं मात्र थोडें थांबावें, अशी आपल्याकडील जुनी रीत. इंडोनेशियांतील बाली या बेटावर आपल्या कलांविषयीं हाच विचार सबंध समाजानें करण्याचा प्रसंग आला.

जावाच्या पूर्वेस असलेल्या या बेटाचे बहुसंख्य रहिवासी हिंदु आहेत. तेथील देवळास बहुधा तीन अंगणें असतात: बाहेरचें, मधलें आणि देवाचें आंतलें. नृत्य आणि ‘गमेलान’ नांवाचें धातुवाद्यांचें सामुदायिक वादन हीं या अंगणांतच वाढलीं. १९०६ सालीं बदुंग येथें आणि १९०८ सालीं क्लुंगकुंग येथें राजकुळांनीं डच सैन्यास शरण जाण्याऐवजीं मरण पत्करलें, आणि बेटाचें स्वातंत्र्य संपलें. पुढें थोड्याच वर्षांत डचांच्या आगबोटी हौशी प्रवासी घेऊन येऊं लागल्या. १९२७ सालीं रवींद्रनाथ ठाकूर बाली पाहून आले. १९३१ सालीं पेलिआतान गांवचें पथक पॅरिसच्या वसाहत-प्रदर्शनांत नाचलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंडोनेशिया स्वतंत्र झाला, आणि १९६९ सालीं बालींत आंतरराष्ट्रीय विमानतळ खुला झाला. प्रवाशांची रीघ लागली. देवतांच्या स्वागताचें ‘पेंदेत’ नृत्य हॉटेलांतील पाहुण्यांपुढें होऊं लागलें, तेव्हां जाणत्या मंडळींस चिंता वाटूं लागली. जें देवास अर्पावयाचें तें पैसे घेऊन दाखविलें, तर देवापुढें काय उरणार? पाहुण्यांस परत पाठवावें, तर कलावंतांचें जगणें आणि जगाशीं जडलेला स्नेह, दोन्ही तुटणार.

१९७१ सालीं देनपसार येथें कलावंत व विद्वान एकत्र बसले आणि त्यांनीं नृत्यांचे तीन वर्ग ठरविले. ‘वाली’ हीं आंतल्या अंगणांतील पूजेचीं, ‘बेबाली’ हीं मधल्या अंगणांतील विधीस जोडलेलीं, आणि ‘बालीह-बालीहान’ हीं केवळ पाहण्याचीं. देवळाचाच आराखडा त्यांनीं निर्णयासाठीं वापरला. पाहुण्यांसाठीं वायन बेराता यांनीं ‘पान्येंब्रामा’ हें स्वतंत्र स्वागतनृत्य रचलें. मौज अशी कीं, पुढें तेंच लोकप्रिय होऊन देवळांतही नाचलें जाऊं लागलें! रेषा आंखली म्हणून दार बंद झालें नाहीं. २०१५ सालीं युनेस्कोनें बालीच्या नृत्यांचा आपल्या वारसा-यादींत समावेश केला, तो या तीन वर्गांसहच.

परंतु पाहुण्यांचा आणखी एक प्रकार असतो. तो पाहून न जातां शिकावयास राहतो. बालींत शिकणें म्हणजे स्वरलिपीवांचून, ऐकून वाजविणें; आणि नृत्यांत गुरु शिष्याच्या मागें उभा राहून त्याचे हात स्वतः वळवितो. कॅनडांत जन्मलेला संगीतरचनाकार कॉलिन मॅकफी याला बालीचें संगीत प्रथम तबकड्यांवर ऐकावयास मिळालें, आणि १९३१ सालीं तो बालीस आला. लोत्रिंग यांच्यासारख्या वादकांजवळ बसून त्यानें तें कागदावर उतरविलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९६६ सालीं प्रसिद्ध झाला.

१९२८ सालीं जर्मन कंपन्यांनीं बालींत ध्वनिमुद्रण केलें होतें. त्या तबकड्या तेथें फारशा खपल्या नाहींत, आणि विक्रेत्यानें रागाच्या भरांत उरलेला सांठा फोडून टाकला. मॅकफीनें आधींच विकत घेतलेल्या तेवढ्या त्याच्याजवळ सुरक्षित राहिल्या. एकविसाव्या शतकांत त्या आणि इतरत्र जपलेल्या तबकड्या शोधून तें वादन बालीच्या लोकांस परत देण्यांत आलें. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचा हात कसा चालत असे, हें नातवंडांस त्यांतून ऐकूं आलें. घरांत जें फुटलें, तें शिष्य झालेल्या पाहुण्यानें जपलें होतें.