तेलकट बोटांची पुस्तके

वडील गेल्यावर गॅरेजमधली लोखंडी पेटी उघडली. तळाशी शेवरोलेट मोटारीच्या दुरुस्तीची दोन इंग्रजी पुस्तके निघाली. एक १९५५चे, जाडजूड. दुसरे १९५६चे, पातळ. पातळ पुस्तक अपुरे समजून मी ते रद्दीत टाकणार होतो.

मग उलगडा झाला. १९५५ साली शेवरोलेटने नवी मोटार आणि २६५ घनइंचांचे नवे व्ही-८ इंजिन आणले. पुढच्या वर्षीचे बदल कंपनीने पुरवणीत छापले. म्हणजे १९५६ची गाडी खोलायची, तर दोन्ही पुस्तके हवीत. जनरल मोटर्सने शिवडीत १९२८ साली सुरू केलेली गाड्यांची जोडणी १९५४मध्ये थांबली होती. नंतरच्या गाडीपुढे मेकॅनिकला हे पुस्तकच उस्ताद!

अस्सल प्रत ओळखायची कशी? शौकीन वाढले, तशा पुनर्मुद्रित प्रतीही निघाल्या. छापील छायाचित्रावरून पुन्हा छपाई केली, की बारकावे बुजतात. काळ्या भागातला बोल्ट दिसेनासा होतो. भिंग लावून पाहावे. मुखपृष्ठावरचे साल गाडीच्या मॉडेलचे असते. त्यावरून छपाईचा काळ ठरवू नये.

किंमत ठरते ती अस्सलपणावर, पाने पूर्ण असण्यावर आणि स्वच्छतेवर. म्हणूनच एका ग्राहकाने तेलाचे डाग आणि वडिलांच्या पेन्सिलीच्या टिपा पाहून भाव पाडला. बाजाराच्या हिशेबाने त्याचे बरोबरच होते. पण गाडी कशी बनली हे छापील मजकूर सांगतो. ती इथे कशी चालती ठेवली, हे त्या टिपाच सांगतात. पुस्तके मी विकली नाहीत.