दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स

रोल्स-रॉईस म्हटलं की आपल्याला राजेमहाराजे आठवतात, नाहीतर त्या गाडीतून कचरा उचलल्याच्या दंतकथा. मला मात्र आठवतो पेट्रोलचा एक इवलासा नळ!

गोष्ट १९०७ सालची. मोटार म्हणजे रस्त्यात बंद पडणारी वस्तू, असाच तेव्हा लोकांचा समज होता आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. मग हेन्री रॉईसच्या सहा सिलिंडरच्या नव्या गाडीवर लोकांनी विश्वास का ठेवावा? कंपनीचा कारभार पाहणाऱ्या क्लॉड जॉन्सनने एक गाडी चंदेरी रंगवून घेतली, तिला 'सिल्व्हर घोस्ट' असं नाव दिलं आणि सरळ रस्त्यावर काढली. स्कॉटलंडमधली चाचणी झाल्यावरही ती थांबली नाही. लंडन-ग्लासगो, ग्लासगो-लंडन अशा रात्रंदिवस फेऱ्या, सुट्टी फक्त रविवारी. आणि गाडीत नजर ठेवायला रॉयल ऑटोमोबाईल क्लबचा निरीक्षक!

६२९ मैलांवर धक्क्यांनी पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला आणि गाडी थांबली. नळ उघडला, गाडी निघाली. त्यानंतरच्या १४,३७१ मैलांत नाइलाजाने थांबणं एकदाही नाही. एकूण १५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर! (टायर पंक्चर झाले तर ते यात धरत नव्हते बरं का. तेव्हाच्या रस्त्यांवर ते धरून कसं चाललं असतं?)

पण खरी गंमत पुढेच आहे. एवढं झाल्यावर कंपनीने गाडी क्लबच्या हवाली केली. सगळी खोला, मोजा, जे झिजलं असेल ते लिहा आणि बदला! इंजिनाच्या बेअरिंगमध्ये, गिअरमध्ये मोजण्याजोगी झीज सापडली नाही. सापडलं ते किरकोळच... स्टिअरिंगच्या पिना, मॅग्नेटोचा जोड, पंख्याचा पट्टा, पेट्रोलची गाळणी. गाडी पुन्हा नव्यासारखी करायला सुट्या भागांचा खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स.

"आमच्या गाडीत दोषच नाही" असं कोणीही म्हणेल. दोष शोधायला परक्याच्या हातात पाना देणं मात्र कठीण. आजही गॅरेजच्या बिलावर 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलेलं असतं. आत काय सापडलं, ते आपल्याला कोण सांगतं? आकडा कळतो, विश्वास मात्र बसत नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९०८ मध्ये याच मॉडेलची 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. घाट चढत-उतरत ६२० मैल गेली आणि जिंकली. नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली.

म्हणजे राजेमहाराजे आले ते नंतर. त्यांच्या आधी होती झिजलेल्या भागांची ती छोटीशी यादी.