हलक्या तारेची गोष्ट

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मागितल्या की दुकानदार आधी विचारतो, ‘नऊच्या देऊ की दहाच्या?’ हा आकडा पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा असतो. मोजमाप इंचाच्या हजाराव्या भागात. ‘दहा’ म्हणजे ०.०१० इंच, आपल्या मापात पाव मिलिमीटरच्या किंचित वर. नऊ आणि दहा यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. बोटाला मात्र पहिल्याच सुरात कळतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तारेचा नंबर वाढला की तार बारीक होत जाते. इथे उलट आहे : नंबर मोठा, तार जाड.

पाकिटावर आकड्याच्या जोडीला एक शब्दही छापलेला असतो. लाइट, रेग्युलर, हेवी. इथे अनुवादकाला थांबावं लागतं. मराठी तारेला जाड किंवा बारीक म्हणते. इंग्रजीनं मात्र तिला वजन दिलं आहे. ‘लाइट’चं ‘हलकी’ केलं, की त्या शब्दाबरोबर आपला सगळा संसार येतो. हलका माल, हलक्या दर्जाचं काम, हलक्या कानाचा माणूस. आणि त्याच शब्दाची दुसरी बाजूही येते : इंजेक्शन देणाऱ्या नर्सचा हात हलका आहे, असं आपण कौतुकानं म्हणतो. गिटारच्या तारेचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास ‘हलका’च्या या दोन अर्थांमध्ये हेलकावे खात आला आहे.

तार मुळात जाड का होती, हे आधी पाहू. साध्या गिटारमध्ये तारेचा स्वतःचा आवाज नगण्य असतो. ती पुढची लाकडी फळी हलवते आणि फळी हवा हलवते. १९२० आणि १९३०च्या दशकांत अमेरिकेतल्या नृत्यवाद्यवृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नसे. फळी जोरात हलवायची तर तार जाड हवी आणि ताणही जबर हवा. म्हणून पोलादी तारा, पहिली तार बारा-तेरा नंबरची किंवा त्याहून जाड. तिसऱ्या तारेवर वरून दुसऱ्या तारेचा वेढा दिलेला.

१९३१-३२च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक हवाईयन गिटार तयार केली. आकारावरून तिला ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडलं. तिच्यात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि ती अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते. लाकूड ढकलण्याची गरज उरली नाही. ज्या कामासाठी तार जाड केली होती, ते कामच तिच्याकडून काढून घेतलं गेलं.

तार मात्र जाडच राहिली. १९३६ साली गिब्सनची ईएस-१५० आली, १९५०मध्ये फेंडरची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली, १९५४मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर आली, तरी दुकानांतून मिळणाऱ्या तारा बहुतेक जुन्याच मापाच्या. विजेचे दिवे येऊन किती पिढ्या झाल्या, तरी आपण अजून ‘दिवा मालव’ म्हणतो, तसंच हे. कारण निघून जातं, सवय मागे राहते. जाझ वाजवणाऱ्यांची तक्रार नव्हती, हेही खरं. त्यांना भरघोस, स्थिर स्वरसंघात हवे असत आणि वेढ्याची तिसरी तार ते उत्तम देई. अडचण झाली ती ब्लूज आणि त्यातून निघालेलं रॉक वाजवणाऱ्यांची. त्यांना तार खेचायची होती.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. सतारीच्या पडद्यावर तार आडवी खेचून वादक एका सुरातून दुसऱ्या सुरात सरकतो, त्याला आपण मींड म्हणतो. ब्लूजचा गिटारवादकही गळ्याची नक्कल करण्यासाठी हेच करतो : पडद्यावर दाबलेली तार बाजूला ढकलून सूर अर्ध्या किंवा एका स्वरानं चढवतो. तारेची जाडी इथे निर्णायक ठरते. फ्रेंच धर्मगुरू आणि गणिती मारँ मेर्सेन यानं १६३६ साली तारेचे जे नियम मांडले, त्यांतून एक गोष्ट निघते : लांबी तीच आणि सूरही तोच ठेवला, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नवाचा वर्ग एक्याऐंशी, दहाचा शंभर. म्हणजे जाडीत दहा टक्क्यांचा फरक आणि ताणात एकोणीस टक्क्यांचा. साडेपंचवीस इंच लांबीच्या फेंडर गिटारवर दहा नंबरची पहिली तार सुमारे ७.३ किलोच्या ताणावर असते, नऊची ५.९ किलोच्या. सूर चढवण्यासाठी तार किती अंतर ढकलायची, ते दोन्हींत जवळपास सारखंच असतं. बदलतं ते बोटाला लावावं लागणारं बळ. वेढा दिलेल्या तिसऱ्या तारेची तर गंमत अशी, की तिचा गाभा बारीक असल्यामुळे ती पुष्कळ ढकलूनही सूर थोडाच चढतो.

उपाय वादकांनी स्वतः शोधला, आणि तो दुसऱ्या वाद्याच्या पाकिटात सापडला. बॅन्जोच्या तारा बारीक असत. गिटारच्या पहिल्या तारेच्या जागी बॅन्जोची तार लावायची, मूळची पहिली दुसऱ्या जागी, दुसरी तिसऱ्या जागी असं करत शेवटची सहावी तार काढून टाकायची. या सरकवासरकवीत तिसऱ्या जागेवर वेढा नसलेली तार येई आणि ती खेचली जाई. लुइझियानातला जेम्स बर्टन हा या युक्तीचा सर्वांत प्रसिद्ध मानकरी. १९५७ साली डेल हॉकिन्सच्या ‘सूझी क्यू’ या गाण्यात गिटार वाजवली तेव्हा तो विशीही ओलांडलेला नव्हता. पुढे रिकी नेल्सन आणि नंतर एल्व्हिस प्रेस्लीच्या साथीला त्याच्या टेलिकॅस्टरचे लवचीक सूर घराघरांत पोचले, आणि ऐकणाऱ्या मुलांना प्रश्न पडला, की आमच्या गिटारची तार अशी का वाकत नाही?

ही मुलं कॅलिफोर्नियात टारझाना इथल्या एका दुकानात येत. अर्नी बॉलनं १९५८मध्ये ते सुरू केलं होतं, आणि तिथे गिटारशिवाय काही विकायचं नाही असा त्याचा बाणा होता. बॉलच्या लक्षात आलं, की नव्यानं शिकणाऱ्यांची बोटं तिसऱ्या तारेपाशी अडतात. त्या वेळच्या चालू संचात ती तार २९ नंबरची असे. त्यानं फेंडर कंपनीला बारीक संच काढायला सुचवून पाहिलं, पण तिथे कोणी मनावर घेतलं नाही. मग त्यानं तारा बनवणाऱ्या एका कारखान्याकडून स्वतःच संच करून घेतले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्लिंकी’ या नावानं ते निघाले आणि जगभर गेले. त्यांतल्या दहा ते शेहेचाळीसच्या संचात तिसरी तार सतरा नंबरची आहे, वेढ्याशिवाय. पिकअपचा शोध लागल्यापासून तारेला ही मोकळीक मिळायला तीस वर्षं लागली, आणि ती मिळाली ती एका दुकानदारानं गिऱ्हाइकांच्या बोटांकडे पाहिलं म्हणून.

बोटांचं म्हणणं किती दूरवर नेऊ शकतं, हे टोनी आयोमीच्या हातानं दाखवलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातला हा डावखुरा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत असे. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन मधल्या बोटांची टोकं तुटली. डावखुरा असल्यामुळे तार दाबायचा हात तोच. गिटार विसर, असं त्याला सांगण्यात आलं. कारखान्यातल्या मुकादमानं मात्र त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८मध्ये घरगाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरी तो युरोपातला अव्वल जाझ गिटारवादक झाला होता.

आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोपण्या घडवल्या आणि तार धरली जावी म्हणून वर कातडं चिकटवलं. टोपणीतून तार जाणवत नाही. किती दाबलं, किती खेचलं, हे कानानंच ठरवायचं. जाड तारा त्याला झेपेनात आणि तिथल्या दुकानांत बारीक संच मिळेनात, तेव्हा त्यानंही बॅन्जोच्या तारा लावल्या. पुढे त्यानं आणखी एक सोय केली. ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधल्या अनेक गाण्यांत त्यानं गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तीन अर्धस्वर उतरवले की तारेचा ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. बोटांना आराम पडला, आणि स्पीकरमधून जो काळाकभिन्न, जमिनीलगतचा आवाज आला, त्यावर पुढचं अख्खं हेवी मेटल उभं राहिलं.

जगातलं सर्वांत ‘हेवी’ म्हणवणारं संगीत जन्माला घालणाऱ्या हातात इतक्या हलक्या आणि सैल तारा होत्या. तरीही जाड तारेचा दबदबा कमी झाला नाही. त्याचं एक कारण टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन. तो तेरा नंबरच्या तारा वापरायचा आणि बोटांची फाटलेली कातडी सुपरग्लूनं चिकटवून पुन्हा वाजवायला उभा राहायचा. १९८३च्या ‘टेक्सस फ्लड’नंतर ही कथा चाहत्यांनी डोक्यावर घेतली आणि कित्येक पोरांनी बोटं सोलून घेतली. कथेत सहसा एक गोष्ट गाळली जाते, की वॉनची गिटार अर्धा स्वर उतरवलेली असे. अर्ध्या स्वरानं ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो; म्हणजे त्याच्या तेराच्या तारेला बाराहून थोडीच जास्त ताकद लागे. पुढे त्यानंही पहिली तार जरा बारीक केली. दुसऱ्या बाजूला टेक्ससचाच बिली गिबन्स. भारदस्त आवाजासाठी जाड तारा हव्यातच, असं तरुणपणी त्यालाही वाटे. बी. बी. किंगनं एकदा त्याची गिटार हातात घेतली आणि एवढे कष्ट कशासाठी करतोस, असं विचारलं, ही आठवण तो अनेक मुलाखतींत सांगत आला आहे. गिबन्स सात नंबरपर्यंत खाली उतरला. त्याचा आवाज पातळ आहे, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

कष्ट दिसले पाहिजेत, ही अपेक्षा काही टेक्ससपुरती नाही. आपल्याकडेही बोटांवरचे घट्टे हे रियाजाचं प्रमाणपत्र मानलं जातं. घट्टे खोटे नसतात. पोलादाची तार कातडीवर खूण ठेवणारच. पण वेदना हीच विद्या मानली, की जिची बोटं लहान आहेत, ज्याचा हात दुखावलेला आहे, ज्यानं पन्नाशीत वाद्य हाती घेतलं आहे, ती सगळी माणसं दारातूनच परत जातात. लाइट शब्दातला ‘हलक्या दर्जाचं’ हा अर्थ त्यांच्याच वाट्याला येतो.

मग तार निवडायची कशी? जाड तार चुंबकाच्या क्षेत्रात जास्त लोखंड हलवते, म्हणून आवाज थोडा मोठा आणि भरीव येतो. जोरदार आघातानं तिचा सूर कमी हलतो. गिटार बरीच खाली उतरवून वाजवायची तर बारीक तार लोंबते आणि पडद्यावर खडखडते, तेव्हा जाडीच हवी. आयोमीसारखं हलक्या तारांवर खाली उतरायचं तर तितकाच सांभाळलेला हात लागतो. गिब्सनची लांबी फेंडरपेक्षा पाऊण इंचानं कमी, त्यामुळे तोच संच तिथे सुमारे सहा टक्के सैल लागतो. बहुतेक नव्या स्ट्रॅटोकॅस्टर नऊच्या आणि गिब्सन दहाच्या तारा लावून येतात, त्यामागे हाच हिशेब दिसतो. नंबर बदलला की मानेचा बाक आणि तारांची उंची पुन्हा जुळवून घ्यावी लागते. वरच्या पट्टीतल्या खाचेत जाड तार अडकते, तिथे कानस चालवावी लागते. नव्यानं शिकणाऱ्यानं नऊपासून सुरुवात करावी आणि महिनाभर वाजवून पाहावं. सूर थरथरतोय, हात तारेला आवरत नाही असं वाटलं तर दहाकडे जावं. तासाभरात मनगट दुखू लागलं, तर वर चढू नये.

आणि पाकिटावरचा ‘लाइट’ मराठीत आणायचाच झाला, तर मी नर्सच्या हाताचा ‘हलका’ घेईन.